शिट्टी होईपर्यंत

शुक्रवार पेठ, सोलापूर
१६ फेब्रुवारी २०२५

अण्णा,

तू माझा नंबर ब्लॉक केलास, ठीक आहे. टपालखात्याला ब्लॉक करायची सोय अजून कुणी काढलेली नाही, म्हणून हे पत्र. हुबळीचा पत्ता तुझ्या सासूबाईंकडून मिळवला. त्यांच्यावर चिडू नकोस, मी फार गोड बोलले त्यांच्याशी.

वरती 'तीर्थरूप' वगैरे लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. चार वर्षांनी मोठा भाऊ आहेस म्हणून अण्णा म्हणते, तेवढं पुरे.

अव्वाला जाऊन या पावसाळ्यात तीन वर्षं होतील. तिचं सगळं आटोपल्यावर तू बॅग उचललीस आणि दारात उभा राहून बापाला, अप्पांना, म्हणालास, "ती मरत होती आणि तुम्ही बघत बसलात." त्यानंतर तू इकडे फिरकला नाहीस आणि अप्पा त्या वाक्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. मी मात्र त्या वाक्यावर नोकरी धरली. हसू नकोस, खरंच. अपघात झाला, कुणी कोसळलं, तर दवाखाना गाठेपर्यंत आजूबाजूची माणसं काय करतात, यावर आमच्या संस्थेचं संशोधन चालू आहे. काय करतात ते तुला माहीत आहे. पाणी पाजतात, कांदा हुंगवतात, तळपाय चोळतात, गर्दी करतात आणि हल्ली मोबाईल वर धरतात. आम्ही ते मोजतो आणि मग शिकवतो.

पक्षाघाताची पोस्टरं मी लिहिली आहेत. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर झोपवून ठेवू नका, ताबडतोब हलवा. आपल्या जिन्यातही एक चिकटवलं आहे. येईल त्या पाहुण्याला अप्पा ते मोठ्यानं वाचून दाखवतात आणि खाली माझं नाव आहे तिथे बोट ठेवतात.

आता मुद्द्याचं. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका रसायनाच्या कारखान्यात चार मार्चला, सुरक्षा दिनाला, आमचं मॉकड्रिल आहे. भोंगा होणार, पिंप उलटणार, त्याखाली एक माणूस सापडणार आणि कामगार त्याला शिकवल्याप्रमाणे बाहेर काढणार. दर वेळी अडचण होते ती या जखमी माणसाची. कुणीतरी पोरगा आडवा होतो आणि फिदीफिदी हसत राहतो. मग बाकीचेही हसतात आणि सगळ्याचा विचका होतो. मला नीट मरता येणारा माणूस हवा होता. तो आपल्या घरातच आहे की!

अक्कलकोटकडच्या यात्रांतली ती कानडी नाटकं आठवतात ना? मिलमधून रजा काढून अप्पा जायचे आणि दर वर्षी लढाईत मरणारा राजपुत्र व्हायचे. लोक वन्समोर द्यायचे, की हे उठून, धूळ झटकून, पुन्हा पहिल्यापासून मरायचे. आणि घरी अव्वा त्यांची नक्कल करायची. भाकरी थापता थापता छातीवर हात ठेवून, डोळे फिरवून ओट्यापाशी आडवी व्हायची. अप्पा कॉटवरून ओरडायचे, "वन्समोर!" आपण दोघं हसून हसून लोळायचो.

तर अप्पा माझे जखमी आहेत. अडुसष्टाव्या वर्षी तालमी चालल्या आहेत. मी दोनच नियम दिलेत. ठरलंय तेवढंच बोलायचं, आणि शिट्टी होईपर्यंत उठायचं नाही.

तू ये. बघ तरी, हा माणूस नुसता बघत बसणारा आहे का. आणि ते वाक्य परत घे. माफीबिफी मागायला नको, आपल्यात तशी पद्धत नाही. येऊन जेव, म्हणजे झालं.

तुझी,
चंद्रिका


६ मार्च

अण्णा,

तू आला नाहीस. मी दोनदा गेटकडे बघून घेतलं, उगीच.

ड्रिल झकास झालं. भोंगा झाल्यावर एकही जण सैरावैरा पळाला नाही. पाणी पाजायला कुणी धावलं नाही. चौघांनी मान आणि पाठ एका रेषेत ठेवून अप्पांना स्ट्रेचरवर घेतलं. मागच्या वर्षी याच लोकांनी हातापायाला धरून पोत्यासारखं उचललं होतं एकाला. पाहुणे खूश, कारखान्याचे साहेब खूश. आमच्या मॅडम म्हणाल्या, हे ड्रिल परिषदेत दाखवू या.

अप्पांनी तर कमाल केली. सुरुवातीला असे ओरडले, की कँटीनमधल्या बाया खरंच रडायला लागल्या. नंतर त्यांचा सत्कार झाला. खांद्यावर चादर घातली, हातात नारळ दिला. नारळ हातातून निसटून घरंगळत गेला आणि सगळे हसले. मी उचलून पुन्हा दिला, तर पुन्हा पडला. कुणीतरी म्हणालं, काका अजून मेलेलेच आहेत. खूप हसलो.

उन्हानं दमले बहुतेक. काल सकाळी उठताना तोल गेला, म्हणून दवाखान्यात ठेवलं आहे. तपासण्या चालू आहेत. अशक्तपणा आहे, दुसरं काही नाही. तुझी आठवण काढत होते.

सोलापुरात आत्ताच उन्हाळा लागला आहे. तिकडे कसं आहे?

चंद्रिका


१४ मार्च, धुळवड

अण्णा,

बाहेर पोरांचा गोंधळ चालू आहे आणि मी दवाखान्याच्या जिन्यात बसून लिहिते आहे.

मागच्या पत्रात मी नीट लिहिलं नाही. अप्पांना पक्षाघात झाला आहे. उजवा हात आणि पाय गेला आहे, बोलणं गेलं आहे. तुझी आठवण काढत होते असं लिहिलं, ते मी मनानंच घातलं होतं. त्यांना तेव्हा एक शब्दही बोलता येत नव्हता.

हे ड्रिलच्या रात्री झोपेत झालं असणार. रात्री झोपलेले असतात आणि सकाळी कळतं, असं होतं पुष्कळदा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते काही तासांच्या आत द्यावं लागतं. आम्ही पोचलो तेव्हा ती वेळ निघून गेली होती. यात कुणाच्या हातात काही नव्हतं.

डॉक्टरांनी विचारलं, शेवटचे अगदी ठीक कधी होते? हा प्रश्न मी गावोगाव लोकांना पाठ करून घेतला आहे, डॉक्टर विचारतील, उत्तर तयार ठेवा म्हणून. मी सांगितलं, रात्री झोपेपर्यंत ठीक होते.

जीवाला धोका टळला आहे. तू येणार असशील तर कळव. फोन केलास तरी चालेल, मी उचलेन.

चंद्रिका


३० मार्च, पाडवा

अण्णा,

तुझं पत्र मिळालं. तीन वर्षांनी तुझं अक्षर बघितलं आणि पाकीट फोडायच्या आधीच रडू आलं. मग पत्र वाचलं.

तू लिहिलंस, "अंग आधी इशारा देतं. त्यांनी कुणाला सांगितलंच नसेल. अव्वाच्या वेळीही तसंच. गप्प बसायचं आणि माणूस हातातून जाऊ द्यायचं, ही त्यांची जुनी सवय."

हे वाक्य मी असंच राहू देऊ शकले असते. तुझा अप्पांवर राग आहेच, त्यात आणखी थोडी भर. माझ्यावर काहीच आलं नसतं. दोन दिवस मी ते पत्र उशाखाली ठेवून झोपले आणि तसंच करायचं ठरवलं होतं, हेही सांगून टाकते. आज सकाळी त्यांना भरवत होते. उजव्या बाजूनं आमटी ओघळली. ती पुसायला त्यांनीच डावा हात पुढे केला, मला त्रास नको म्हणून. मग राहवेना.

त्यांनी सांगितलं होतं, अण्णा. मला सांगितलं होतं.

ठरल्याप्रमाणे त्यांचा डावा पाय पिंपाखाली सापडायचा होता आणि त्यांनी "पाय, माझा पाय" असं ओरडायचं होतं. दोनदा ओरडले. मग एकदम थांबले. मला वाटलं, बेशुद्ध पडायचं ठरवलं आहे मनानं, नटच तो. स्ट्रेचर माझ्यासमोरून निघालं तेव्हा माझ्याकडे बघून ते कानडीत म्हणाले, "चंद्री, कै एळवल्दु." हात उचलत नाहीये. जीभ जड झाली होती.

ड्रिलचं सगळं बोलणं मराठीत बसवलेलं होतं. कानडी घरातली. अव्वाशी, तुझ्याशी, माझ्याशी. आणि हात, तोही उजवा. मी त्यांच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "अप्पा, हात नाही, पाय. ठरलंय तेवढंच बोला."

ते माझ्याकडे बघत राहिले आणि गप्प झाले. शिट्टी होईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, हलले नाहीत. मी जसं शिकवलं होतं तसं.

मला कळलं नाही असं लिहिणार होते, पण तेही पुरतं खरं नाही. क्षणभर वाटलं होतं, हे नाटक नाही. कारखान्याचे साहेब माझ्या डाव्या हाताला उभे होते, मागे पाहुणे, मॅडम मोबाईलवर चित्रण करत होत्या. सगळं इतकं छान चाललं होतं. मी मनात म्हटलं, संपल्यावर बघू. आणि संपल्यावर सत्कार होता, चहा होता. नारळ पडला तेव्हा तरी मी बघायला हवं होतं की नाही? माझ्याच पोस्टरवरचा हात तो. मी हसत हसत वाकले, नारळ उचलला आणि त्याच हातात परत कोंबला.

मग रिक्षानं घरी आणलं. जिना चढताना पाय ओढत होते. पोस्टरच्या शेजारून चढले. मी म्हटलं, दमलात, झोपा. पोस्टरवर काय लिहिलं आहे मी, झोपवून ठेवू नका. मी त्यांना झोपवलं, पंखा लावला आणि आकडे भरायला ऑफिसात गेले. संध्याकाळी आले तर झोपलेलेच होते. बरं वाटलं मला, विश्रांती मिळतेय म्हणून.

डॉक्टरांना जे सांगितलं ते खोटं होतं. तुला धुळवडीचं पत्र टाकलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाठून खरं सांगितलं. त्यांनी नुसती केसपेपरवर आधीची वेळ खोडून नवी घातली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, वाईट झालं, पण यात तुझी चूक नाही, हे एक ड्रिल आपण संशोधनातून वगळू या. मी हो म्हणाले. हो म्हणताना सुटल्यासारखं वाटलं, त्याची सगळ्यात जास्त लाज वाटते.

तेव्हा तू जे वाक्य अप्पांना म्हणालास ते आता माझ्या नावावर कर. अप्पांना निदान काय करायचं ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी लोकांना शिकवत होते.

अप्पांना हे मी अजून सांगितलेलं नाही. त्यांना काय आठवतं, काय नाही, कळत नाही. मी खोलीत गेले की हसतात. अर्धंच हसू येतं.

चंद्री


२० एप्रिल

अण्णा,

अप्पांना सांगितलं.

त्यांना घरी आणलं आहे आणि गेल्या आठवड्यापासून थोडं बोलायला लागले आहेत. एकेक शब्द शोधून आणतात, मधेच कानडी येतं. दुपारी मी त्यांच्या उजव्या हातात चेंडू देऊन बोटं मिटवून घेते, उघडून घेते. ते करता करता, त्यांच्याकडे न बघता, सगळं सांगितलं. तुम्ही खरं सांगत होता आणि मी तुम्हाला गप्प केलं, असं. बोटं माझ्या हातातच होती, त्यामुळे मला उठून जाता येईना.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला वाटलं… तुला कळलंय. लोकांम्होरं… बोलता येईना तुला."

म्हणजे इतके दिवस ते असं धरून चालले होते, की पोरीला कळलं आहे, पण चारचौघांत तिला थांबता येत नाहीये, तिचा मोठा कार्यक्रम आहे. म्हणून ते थांबले. माझ्यासाठी शिट्टी होईपर्यंत पडून राहिले. त्यांच्या मनात ही एवढी एक बरी गोष्ट उरली होती आणि मी खरं बोलून तीही काढून घेतली. मी म्हटलं, नाही अप्पा, मला नाटकच वाटलं. थोडी शंका आली होती, ती मी दाबली.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता बोलणार नाहीत माझ्याशी, आणि तो त्यांचा हक्कच आहे. चेंडू पडला, मी उचलला. तेव्हा डोळे न उघडता म्हणाले, "तुजी अव्वा पडली… तवा मी… वन्समोर म्हणालो."

मला पहिल्यांदा समजलंच नाही. मग समजलं, आणि हातातला चेंडू तसाच राहिला.

अण्णा, अव्वा त्या दिवशी ओट्यापाशीच पडली. छातीवर हात, डोळे फिरलेले, नेहमी करायची तश्शीच. अप्पा कॉटवर होते. ते हसले आणि ओरडले, वन्समोर. ती उठली नाही, म्हणून परत एकदा ओरडले. अजून लांबवतेय, आज रंगात आलीये, असं वाटलं त्यांना. किती वेळ गेला ते त्यांना सांगता येत नाही. मग कॉटवरून उतरून जवळ गेले, तळपाय चोळत बसले, आणि तेवढ्यात तू बाहेरून आलास. तुला दिसलं ते बसलेले. त्याआधीचं तुला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. तीन वर्षं हा माणूस ते पोटात घेऊन माझं पोस्टर पाहुण्यांना वाचून दाखवत होता.

मी रडायला लागले तर त्यांनी डाव्या हातानं माझं डोकं थोपटलं. तुझं नाव घेऊन म्हणाले, "विरूला लिही. मी सांगितलं म्हून लिही. म्हणाव… बरोबर बोलला हुता."

म्हणून लिहिलं आहे. त्यांचा निरोप आहे, मी चहाडी केलेली नाही.

ऑफिसचंही सांगते. मी मॅडमना म्हटलं, ते ड्रिल वगळायचं नाही. जे झालं ते तसंच लिहायचं, माझ्या नावासकट. त्या नाराज आहेत, परिषदेचं रद्द झालं आहे, आणि माझं पुढे काय ते बघायचं. मागच्या आठवड्यात त्याच कारखान्यात पुन्हा ड्रिल झालं. मी दारातूनच परत फिरणार होते. तिथे कोंडीबा म्हणून एक मुकादम आहेत, अप्पांचं स्ट्रेचर धरणाऱ्या चौघांपैकी. त्यांनी अप्पांची चौकशी केली. मी सांगितलं तर मान खाली घालून म्हणाले, "आमाला बी तोंड वाकडं दिसलं हुतं बाई. पण तुमी हसत हुता." त्याच दिवशी मी एक बदल केला. आता प्रत्येक ड्रिलला एक माणूस वेगळा उभा असतो. त्याला दुसरं काही काम द्यायचं नाही. जखमीकडे नुसतं बघत राहायचं आणि काही खरं वाटलं तर कुणालाही न विचारता शिट्टी मारायची. पहिल्या दिवशी ते काम मी केलं. पोरगं नाटक करत होतं, मला ठाऊक होतं, तरी मी दोनदा शिट्टी मारली. कुणी हसलं नाही.

आता माझं मागणं बदललं आहे. वाक्य परत घे असं म्हणत नाही. त्यातलं अर्धं माझं आणि अर्धं अप्पांचं करून टाक हवं तर, आम्ही दोघंही ऐकून घेऊ. पण इथे येऊन बोल, हुबळीहून नको. आपल्या घरात आता चोरून ठेवलेलं काही उरलं नाही. मला तुझा राग चालेल. लाज एकटीनं किती दिवस वागवायची, कंटाळा येतो रे.

तू येशील तेव्हा ते दारासमोरच्याच कॉटवर असतील. तोंड डावीकडे ओढलं जातं, त्यामुळे हसतायत की रडतायत ते पटकन कळणार नाही. तुला बघून डावा हात वर करतील. घशातून काहीतरी आवाज काढतील, तो तुझ्या नावाचा आहे, मी रोज ऐकते. दारात थांबून राहू नकोस. ते सगळं खरं आहे, अण्णा. आपल्या घरात एकदा तरी कुणीतरी ते लगेच ओळखायला हवं.

चंद्री